‘दिसत नाही’ असे कोण म्हणते?

बहुतेक मराठी घरांत कपाटावर किंवा कपाटामागे एक मोठे पाकीट असते. आत एक्स-रेची काळी फिल्म आणि तिच्यासोबत एक कागद. फिल्म आपण खिडकीशी उजेडाकडे धरतो, फासळ्या मोजाव्यात तशी पाहतो आणि काहीच न कळून परत आत सरकवतो. कागद मात्र शब्दन्‌शब्द वाचला जातो. पाच-सात ओळींचे इंग्रजी, निम्म्या वाक्यांच्या सुरुवातीला ‘नो’, खाली सही आणि शिक्का. घरातल्या माणसाचे पुढे काय करायचे ते बहुतेक वेळा या कागदावरून ठरते. उपचार करणारे डॉक्टरही घाईच्या वेळी हा कागदच वाचतात, आणि त्यातही शेवटच्या दोन ओळी.

हा कागद लिहिण्याचे काम आता थोडेथोडे यंत्राकडे जाऊ लागले आहे. यंत्र छायाचित्र ‘पाहते’, अहवालाचा मसुदा तयार करते आणि रेडिओलॉजिस्ट तो वाचून, दुरुस्त करून सही करतात. मी वैद्यक शिकलेली नाही. या विषयाकडे वळले ती भाषेच्या वाटेने. वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा यंत्राच्या डोळ्याविषयी असते : डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेली गाठ यंत्राने कशी पकडली, किंवा यंत्राने पकडलेली गाठ मुळात गाठच कशी नव्हती. यंत्राच्या लेखणीविषयी फारसे कोणी बोलत नाही. गेली काही वर्षे मी या विषयावरचे शोधनिबंध जमतील तसे वाचते आहे, आणि माझे मत असे होत गेले आहे की खरा गुंता डोळ्यापेक्षा लेखणीत आहे. त्याचे कारण समजण्यासाठी आधी हा अहवाल नावाचा लेखनप्रकार नीट पाहायला हवा.

विल्हेल्म रेंटगेन यांना जर्मनीतील वुर्ट्‌झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला तो ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची ती प्रसिद्ध प्रतिमा घेतली, बोटातल्या अंगठीसह. पुढच्या काही महिन्यांतच डॉक्टर मंडळी हे किरण रुग्णांवर वापरू लागली, आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला : चित्र एकाने काढले आणि रुग्ण दुसऱ्याचा, तर पहिल्याने दुसऱ्याला काय आणि कसे सांगावे? सुरुवातीचे अहवाल म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्याला लिहिलेली साधी पत्रे. न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम मॉर्टन यांनी १८९६ साली लिहिलेले असे एक पत्र या क्षेत्राच्या इतिहासात नेहमी दाखवले जाते. मूत्रपिंडात लक्षात येण्याजोग्या आकाराचा खडा नाही, असे ते कळवतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. कमरेची हाडे, खालच्या फासळ्या, मणके दिसत आहेत हे सांगतात. किरण मूत्रपिंडाच्या भागातून सगळीकडून सारखे आरपार गेले आहेत हे सांगतात. आणि शेवटी, चित्र हवे होते तेवढे ठसठशीत आलेले नाही, तरी भाग ओळखू येण्याइतके ते पुरेसे आहे, अशी कबुलीही देतात.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात आजच्या अहवालाचे सगळे मर्म आहे. ‘खडा नाही’ या विधानाला वजन कशामुळे येते? आसपासचे काय काय दिसले ते मॉर्टन सांगतात, म्हणून. मणके दिसण्याइतके चित्र चांगले होते, तिथे नजर फिरवली होती आणि तरीही खडा आढळला नाही. नकार हा पाहण्याच्या पायावर उभा आहे. रेडिओलॉजीच्या शिक्षणात याला ‘पर्टिनंट निगेटिव्ह’ म्हणतात, म्हणजे मुद्दाम शोधले आणि नाही आढळले असे. रुग्णाला दम लागतो म्हणून छातीचा एक्स-रे काढला असेल, तर फुप्फुसाभोवती पाणी नाही, हवा साठलेली नाही, हृदय वाढलेले नाही, हे तीन नकार महत्त्वाचे. बोटाचे हाड नीट आहे की नाही याच्याशी त्या अहवालाला कर्तव्य नाही.

पुढे पत्राचा नमुना झाला. डेट्रॉइटचे प्रेस्टन हिकी यांनी १९२२ साली अहवालांतली भाषा एकसारखी असावी असा आग्रह धरला. आजचा अहवाल साधारण चार भागांत असतो : तपासणी का केली, कशी केली, काय दिसले आणि त्यावरून मत काय. शेवटच्या भागाला ‘इम्प्रेशन’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. निकाल नव्हे, ठसा. भाषा बांधून घेण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न स्तनांच्या तपासणीत झाला. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये आणलेल्या बाय-रॅड्स पद्धतीत मताला शून्य ते सहा असा आकडा द्यावा लागतो. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, थोड्या महिन्यांनी पुन्हा पाहू. ‘बहुधा’ या निसटत्या शब्दाला इथे आकड्याची वेसण घातली गेली.

बाकीच्या अहवालांत मात्र निसटते शब्द मोकळेच फिरतात. ‘शक्यता नाकारता येत नाही’, ‘सूचक आहे’, ‘लक्षणांशी ताडून पाहावे’. आपल्याकडच्या अहवालांच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट’ ही सूचना इतक्या वेळा येते की डॉक्टरांमध्ये ती थट्टेचा विषय झाली आहे. तरीही या शब्दांना काम असते. धूसर सावली दिसली आणि ती न्यूमोनियाची की जुन्या व्रणाची हे चित्रावरून ठरत नसेल, तर तसे म्हणणे हेच खरे बोलणे.

अहवाल लिहिण्याची रीतही पाहायला हवी. रेडिओलॉजिस्ट फार काळ स्वतः लिहीत नव्हते, बोलत होते. डोळे चित्रावर आणि तोंडाने वर्णन. टेपवर बोललेले टंकलेखक उतरवून घेई. अनुभवी टंकलेखकाला एक जाण असे. आधी ‘डावीकडे’ आणि नंतर ‘उजवीकडे’ ऐकू आले तर तो येऊन विचारी. मग बोललेले आपोआप टंकित करणारी सॉफ्टवेअर आली आणि मधला माणूस गेला. टोरांटोच्या संशोधकांनी २०११ मध्ये स्तनतपासणीचे अहवाल तपासले, तेव्हा आपोआप टंकित झालेल्या अहवालांपैकी २३ टक्क्यांत किमान एक गंभीर चूक होती. टंकलेखकांनी उतरवलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. इंग्रजीत ‘नो’ हा वाक्याच्या तोंडाशी येणारा आखूड शब्द आहे. तो यंत्राने ऐकला नाही, की निरोगी माणसाला आजार होतो. आपल्या भाषेत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी, क्रियापदाला चिकटून येते. ते गळले तर वाक्यच लंगडे वाटते आणि वाचणारा थांबतो. मराठीत अहवाल लिहिले जात नाहीत, त्यामुळे या गुणाचा आजवर कोणाला उपयोग झालेला नाही.

न पाहता लिहिलेले वाक्य ही यंत्राचीच देणगी आहे असे मात्र समजू नये. ‘नॉर्मल’चा साचा संगणकात तयार ठेवायचा, त्यात नाव-वय भरायचे आणि जे वेगळे दिसेल तेवढे बदलायचे, ही पद्धत जुनी आणि सर्वत्र आहे. पित्ताशय काढून टाकलेल्या रुग्णाच्या सोनोग्राफी अहवालात ‘पित्ताशय सामान्य’ असे छापून आल्याचा किस्सा डॉक्टरांच्या गप्पांत हमखास निघतो. साचा निर्जीव असतो, त्यामुळे त्याची चूक उघडी पडते. आता जो मसुदा येतो आहे तो साच्यासारखा दिसत नाही. तो त्या रुग्णासाठी लिहिल्यासारखा वाचला जातो.

तो तयार कसा होतो? पायाशी आहेत प्रचंड संग्रह. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये ३०,८०५ रुग्णांच्या छातीच्या १,१२,१२० प्रतिमा संशोधनासाठी खुल्या केल्या. २०१९ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयातील ३,७७,११० प्रतिमा आल्या, आणि यांच्यासोबत मूळ अहवालांचा मजकूरही होता, नावेगावे पुसून. त्याच वर्षी स्टॅनफर्डचा २,२४,३१६ प्रतिमांचा संग्रह खुला झाला. स्टॅनफर्डच्या मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. अहवालांतून चौदा प्रकारची निरीक्षणे वेचताना त्यांनी ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘अनिश्चित’ असा तिसरा रकाना ठेवला. रेडिओलॉजिस्टच्या ‘बहुधा’ला यंत्राच्या शाळेत प्रवेश मिळाला तो असा.

अशा प्रतिमा-अहवालांच्या लाखो जोड्या यंत्रापुढे ठेवल्या जातात. यंत्राचा एक भाग प्रतिमेचे आकड्यांच्या लांबलचक मालिकेत रूपांतर करतो. दुसरा भाग, म्हणजे भाषेचे प्रारूप, ती मालिका आणि आतापर्यंत लिहिलेले शब्द पाहून पुढचा शब्द कोणता संभवतो ते ठरवत जातो. संभवतो हे इथे महत्त्वाचे. संग्रहातल्या अहवालांत ‘फुप्फुसाभोवती हवा नाही’ हे वाक्य अगणित वेळा आलेले असते, कारण बहुतेकांच्या फुप्फुसाभोवती ती नसतेच. म्हणून प्रतिमेतून यंत्राला फारसे काही उमगले नाही तरी या वाक्याकडे त्याचा ओढा राहतो, आणि बहुतेक वेळा ते वाक्य खरेही निघते. मॉर्टन यांचे ‘नाही’ आणि हे ‘नाही’ कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. एक शोधून न सापडल्याचे आहे, दुसरे सहसा नसते म्हणून लिहिलेले.

याचा सर्वांत बोलका पुरावा २०२२ साली पुढे आला. प्रणव राजपूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की यंत्राचे मसुदे वारंवार जुन्या एक्स-रेचा हवाला देतात : मागील तपासणीच्या तुलनेत बदल नाही, पाणी पूर्वीपेक्षा कमी झाले आहे. यंत्राला मात्र एकच प्रतिमा दिलेली असे, मागील कोणतीच नाही. रुग्णालयातला रेडिओलॉजिस्ट कालची फिल्म शेजारी ठेवून आजची वाचतो, त्यामुळे खऱ्या अहवालांत तुलनेची वाक्ये पानोपानी असतात. यंत्राने ती लकब उचलली. तुलना कशाशी करायची हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नाही. संशोधकांनी मग मूळ संग्रहातूनच अशी वाक्ये गाळून यंत्राला नव्याने शिकवले. मला या प्रकारात यंत्राचा खोटेपणा दिसत नाही, त्याला खोटे-खरे ठाऊकच नसते. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरने ‘पूर्वीपेक्षा कमी’ हे दोन शब्द वाचले तर तो औषध तेच चालू ठेवील, आणि ‘पूर्वी’ असे काही नव्हतेच.

अशा मसुद्यांना गुण कसे द्यायचे, ही आणखी एक मौज. सुरुवातीला भाषांतर तपासण्याचे मापच इथे लावले गेले. आयबीएमच्या संशोधकांनी २००२ मध्ये यांत्रिक भाषांतरासाठी ‘ब्ल्यू’ नावाचे एक माप बनवले होते : यंत्राच्या वाक्यातले किती शब्द आणि शब्दगट माणसाच्या वाक्याशी जुळतात ते मोजायचे. आता ‘उजव्या बाजूला फुप्फुसाभोवती पाणी आहे’ आणि ‘डाव्या बाजूला फुप्फुसाभोवती पाणी आहे’ ही दोन वाक्ये घ्या. पाचांपैकी चार शब्द जुळले, गुण उत्तम. सुई मात्र चुकीच्या बाजूला टोचली जाणार. उलट ‘उजवीकडे प्ल्युरल इफ्युजन’ हे पहिल्याच वाक्याचे डॉक्टरी रूप आहे, आणि त्याला या मापाने शून्य. ज्यांनी कवितांची भाषांतरे केली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. नंतर आशयावर भर देणारी मापे निघाली, वाक्यातून अवयव, दोष आणि त्यांचे नाते वेगळे काढून ताडणारी. तरी मापणाऱ्यांमध्ये आणि रेडिओलॉजिस्टांमध्ये अजून पुरते एकमत नाही.

गूगलने २०२४ मध्ये आपल्या मेड-जेमिनी या वैद्यकीय प्रारूपाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या डोक्याच्या सीटी स्कॅनच्या एका नमुन्यात यंत्राने ‘बॅसिलर गँग्लिया’ या भागात जुना आघात असल्याचे लिहिले होते. मेंदूत बेसल गँग्लिया असते आणि बॅसिलर आर्टरी असते. बॅसिलर गँग्लिया नावाचा भाग कोणाच्याच मेंदूत नसतो. निबंधाच्या लेखकांच्या लांब यादीतून आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून तो शब्द सुटला. २०२५ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रीय चर्चेत आली, तेव्हा कंपनीने दिलेले स्पष्टीकरण मला चुकीपेक्षाही उद्‌बोधक वाटते : माणसांच्या अहवालांत ‘बेसल’च्या जागी ‘बॅसिलर’ उतरवले जाण्याची चूक नेहमीची आहे आणि यंत्र ती तिथून शिकले असावे. म्हणजे कोण्या घाईतल्या डॉक्टरच्या तोंडून निघालेला किंवा टंकताना बिघडलेला शब्द, लाखो कागदांतून गाळून, नवा कोरा होऊन परत आला. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही गोष्ट परिचयाची आहे. एका नकलाकाराचा प्रमाद पुढच्या सगळ्या प्रतींत उतरतो आणि कालांतराने तोच पाठ म्हणून मिरवतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग माणसावरच सोडावे. तेही तितके सोपे नाही. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि त्यातल्या गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी एका गोरिलाचे चित्र घुसवले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. चोवीसांपैकी वीस जणांना तो दिसला नाही. नजरेचा माग घेणाऱ्या उपकरणाने दाखवले की न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. शोधतो ते सापडते; न शोधलेले समोर असून नसल्यासारखे. वर जे ‘पर्टिनंट निगेटिव्ह’चे कौतुक केले त्याची ही दुसरी बाजू.

शिवाय कामाचा रेटा खराच आहे. एका सीटी स्कॅनमध्ये आता शेकडो काप असतात, आणि रात्रीच्या पाळीत एकच डॉक्टर ते पाहत बसलेला असतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न संस्थेने आपल्याच रुग्णालयांच्या अहवालांवर घडवलेले यंत्र प्रत्यक्ष कामात वापरून पाहिले आणि २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे २४ हजार एक्स-रे, निम्मे मसुद्यासह आणि निम्मे मसुद्याविना. एका अहवालाला लागणारा सरासरी वेळ १८९ सेकंदांवरून १६० सेकंदांवर आला, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांची बचत. इतर रेडिओलॉजिस्टांनी तपासले तेव्हा अचूकतेत फरक आढळला नाही. तातडीचे एक्स-रे रांगेत पुढे आणण्याचे कामही असे यंत्र करू शकते. फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाला त्या मिनिटांचे मोल असते. हे लाभ मी कमी लेखत नाही. एकोणतीस सेकंद म्हणजे काहीच नाही असे ज्याला वाटते त्याने रात्रभर दोनशे अहवाल लिहून पाहावेत.

प्रश्न आहे तो मसुदा समोर असताना डोळा काय करतो याचा. जर्मनीतील टोमास ड्रात्श आणि सहकाऱ्यांचा २०२३ मधला प्रयोग इथे डोळे उघडणारा आहे. २७ रेडिओलॉजिस्टांना ५० मॅमोग्राम वाचायला दिले. प्रत्येकासोबत बाय-रॅड्सचा एक आकडा होता, यंत्राने सुचवलेला म्हणून सांगितलेला. काही ठिकाणी तो मुद्दाम चुकीचा ठेवला होता. सूचना बरोबर असताना नवख्या डॉक्टरांची सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर आली. सूचना चुकीची असताना २० टक्क्यांच्या आसपास. नवख्यांचे सोडा, अत्यंत अनुभवी डॉक्टरांचीही उत्तरे ८२ टक्क्यांवरून सुमारे ४५ टक्क्यांवर घसरली. आणि हा नुसता एक आकडा होता. त्या जागी दुखणे ऐकून घेतल्यासारखा सूर असलेला, व्याकरणशुद्ध परिच्छेद असता तर काय झाले असते? संपादन केलेल्या कोणालाही अनुभव असेल : ओबडधोबड मजकुरातली चूक लगेच टोचते, आणि सफाईदार मजकुरावरून नजर घसरत जाते. सफाई हीच इथली अडचण आहे. ‘माणूस तपासून सही करतोच’ हे आश्वासन प्रत्येक कंपनी देते. पण तपासणारा माणूस मसुदा वाचण्याआधीचा आणि वाचल्यानंतरचा, असे दोन वेगळे असतात.

म्हणून माझ्या मते मसुद्याचा क्रम उलटा हवा. डॉक्टरांनी आधी चित्र पाहावे, आपले निरीक्षण बोलून टाकावे, आणि मग यंत्राने तोंड उघडावे. तेव्हा त्याच्या भाषाकौशल्याचा खरा उपयोग आहे. वर्णनात ‘डावीकडे’ आणि मतात ‘उजवीकडे’ आले आहे; पुरुष रुग्णाच्या अहवालात गर्भाशय सामान्य असल्याचे छापले गेले आहे; वर्णनातली गाठ शेवटच्या दोन ओळींत यायची राहून गेली आहे; ही सगळी तपासणी यंत्र न कंटाळता करील. म्हणजे हरवलेला तो टंकलेखक परत येईल, येऊन विचारणारा. असे वापर होऊ लागलेही आहेत. पण त्यात वेळेची बचत कमी, म्हणून जाहिरातीही कमी.

२०१६ साली टोरांटोत जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणे आताच थांबवावे, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले काम करील. ती दहा वर्षे सरत आली, आणि रेडिओलॉजिस्टांची टंचाई आहे ती आहेच. हिंटन यांना २०२४ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. त्या पारितोषिकाचे १९०१ मधले पहिले मानकरी होते रेंटगेन.

आपल्याकडे या यंत्रांचा सर्वांत मोठा वापर अहवाल लिहिण्यासाठी नाही, क्षयरोग हुडकण्यासाठी आहे. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्यूअर डॉट एआय या कंपनीचे यंत्र त्यांतले एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षे आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या क्षयरोग-चाळणीसाठी माणसाच्या वाचनाऐवजी अशी यंत्रे वापरण्यास मान्यता दिली. हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र घेऊन शिबिर भरते, चित्र निघते आणि यंत्र आकडा देते. ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर थुंकीची तपासणी. मला ही व्यवस्था अहवाल लिहिणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक सरळ वाटते. जिथे शंभर किलोमीटरवर रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ती मोलाची आहे, आणि मुख्य म्हणजे आकडा ‘मी पाहिले’ असा आव आणत नाही. तो पुढची तपासणी करा एवढेच सांगतो.

अहवालाच्या बाबतीत मात्र आपली परिस्थिती पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी आहे. तिकडे अहवाल आजवर मुख्यतः डॉक्टरकडून डॉक्टरकडे जात आला. अमेरिकेत तो तयार होताच रुग्णाला दिसू लागला तो २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे. आपल्याकडे पाकीट पहिल्यापासून रुग्णाच्याच काखेत. ते रिक्षात उघडले जाते, पुतण्याकडून वाचून घेतले जाते. हल्ली पुतण्याच्या आधी फोनला विचारतात : कागदाचा फोटो टाकायचा आणि मराठीत सांग म्हणायचे. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे सगळे ठीक, पण त्याचे ‘उल्लेखनीय नाही’ झाले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ‘लीजन’ची जखम होते. ‘शक्यता नाकारता येत नाही’ या सावध वाक्याचा अर्थ घरी ‘आहे’ असाच लावला जातो, त्यासाठी यंत्राचीही गरज नसते. उद्या असेही होईल की मसुदा एका यंत्राने लिहिलेला, उलगडा दुसऱ्या यंत्राने केलेला, आणि दोहोंच्या मध्ये एकच माणूस, ज्याने घाईत सही केली. या साखळीत सही हीच एक अशी जागा आहे जिथे कोणाला तरी विचारता येते, तुम्ही पाहिलेत का?

यंत्रे बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न सुचलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मायरा-दोन नावाचे प्रारूप मांडले. त्याला मागील एक्स-रे आणि मागील अहवालही दिला जातो, म्हणजे ‘पूर्वीपेक्षा’ म्हणताना पूर्वीचे काही तरी खरोखर समोर असते. आणि प्रत्येक वाक्यात ते एकच निरीक्षण लिहून, ते प्रतिमेत कुठे दिसले तिथे चौकट आखून दाखवते. ‘उजवीकडे पाणी’ म्हटले की उजव्या फुप्फुसाच्या तळाशी चौकट उमटते. डॉक्टर तिथेच पाहून हो किंवा नाही म्हणू शकतो. ही फार चांगली सोय आहे. फक्त ‘हवा साठलेली दिसत नाही’ या वाक्यासाठी चौकट कुठेच आखता येत नाही. अशी वाक्ये त्या अहवालात चौकटीविनाच असतात, आणि छातीच्या कोणत्याही सर्वसाधारण अहवालात निम्म्याहून अधिक वाक्ये तीच असतात.